वोकिंगच्या मराठी मंडळींना, आपली कौन्सिल जाण्याआधी

इंग्लंडात लंडनजवळच्या सरे काउंटीतल्या वोकिंग, हॉर्सेल, नॅपहिल, सेंट जॉन्स, शीअरवॉटर आणि बायफ्लीट इथल्या सर्व मराठी कुटुंबांना,

स. न. वि. वि.

परवा हळदीकुंकवाला तिळगूळ देताघेता मी तिघीचौघींना विचारलं, मे महिन्यात मत कुणाला देणार? एक म्हणाली, "कसलं मत?" दुसरी म्हणाली, "अगं, आपल्याला कुठला अधिकार, आपला पासपोर्ट भारताचा." तिसरीनं विषय बदलला. घरी येताना मला फार रुखरुख लागली, आणि म्हणून हे पत्र.

आधी कामाचं सांगते. ७ मे २०२६ ला इथे निवडणूक आहे आणि तिच्यात आपल्याला मत आहे. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे भारतीय पासपोर्टवर, व्हिसा घेऊन रीतसर राहणाऱ्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला या देशात मतदान करता येतं, कौन्सिलसाठी आणि पार्लमेंटसाठीही. त्यासाठी इंडेफिनिट लीव्ह, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, लागत नाही की ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. मतदारयादीत नाव हवं, बस. ते ऑनलाइन पाच मिनिटांत होतं, नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा. मतदानाच्या बारा कामाचे दिवस आधी यादी बंद होते. केंद्रावर फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं, तिथे भारतीय पासपोर्ट चालतो.

आता ही निवडणूक कशाची आहे ते. आपण राहतो ती वोकिंग बरो कौन्सिल ३१ मार्च २०२७ नंतर नसेल. सरेची काउंटी कौन्सिलही नसेल. तिच्या पोटातल्या अकराही बरो आणि डिस्ट्रिक्ट मोडून दोन मोठ्या कौन्सिली होणार आहेत, पूर्व सरे आणि पश्चिम सरे. आपण पश्चिमेत: गिल्डफर्ड, वेव्हर्ली, रनिमीड, स्पेलथॉर्न, सरे हीथ आणि वोकिंग. वोकिंगची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत १ लाख ३ हजार ९०० होती. नव्या कौन्सिलीत साडेसहा लाखांवर माणसं असतील. येत्या मेमध्ये निवडून येणारे लोक वर्षभर जुन्या कौन्सिलींच्या बरोबरीनं तयारी करतील आणि १ एप्रिल २०२७ ला कारभार हातात घेतील. पहिली घडी तेच बसवणार.

इथे एक खुलासा करते, कारण मलाही हे कळायला चार-पाच वर्षं लागली. डिस्ट्रिक्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जिल्हा येतो, कलेक्टर येतो. इथलं डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याएवढं. जिल्हा म्हणायचा तर काउंटीला. शाळा, रस्ते, वाचनालयं, म्हाताऱ्यांची देखभाल ही काउंटीची कामं. कचरा, बांधकामाच्या परवानग्या, कौन्सिलची घरं, बागा आणि मतदारयादी ही डिस्ट्रिक्टची. बरो ही नुसती मानाची पदवी, कामं तीच. १९७४ साली इंग्लंडभर जुन्या नगरपालिका एकमेकींत मिसळून नवी डिस्ट्रिक्टं केली तेव्हा बऱ्याच गावांची नावं पुसली गेली. वोकिंगचं तसं झालं नाही. १८९४ च्या कायद्यानं जे अर्बन डिस्ट्रिक्ट झालं, १९३३ मध्ये ज्यात बायफ्लीट आलं, तेच जवळजवळ जसंच्या तसं १९७४ मध्ये बरो झालं. म्हणजे या गावानं शंभरावर वर्षं आपला कारभार आपण पाहिला. आता पहिल्यांदाच तो गावाबाहेर जातोय.

"जाऊ दे ना, आपल्याला काय, आपण लंडनला, वॉटर्लूला जाणारी गाडी पकडणारी माणसं," असं आपल्यातलेच एक काका मला म्हणाले. त्यांच्या वयाचा मान राखून मी उलट बोलले नाही. इथे बोलते. काका, ज्या गाडीनं तुम्ही जाता त्या गाडीमुळेच हे गाव झालं, आणि त्या गाडीतून सर्वांत आधी ठरवून इथे आणली गेली ती मेलेली माणसं.

जुनं वोकिंग वे नदीच्या काठी, स्टेशनापासून दीडदोन मैलांवर. तिथल्या सेंट पीटर्स चर्चचं दार नॉर्मन काळातलं आहे. जवळच आठव्या हेन्रीच्या राजवाड्याचे अवशेष आहेत. १८३८ च्या मे महिन्यात लंडनहून रेल्वे आली ती या जुन्या गावाला वळसा घालून, ओसाड माळावर. स्टेशनाचं नावच वोकिंग कॉमन. भोवती हीदर, वाळू आणि पाइन. वाळूची जमीन, शेतीला निरुपयोगी. पण तीच जमीन पुढे लंडनच्या कामी आली. १८४८-४९ च्या पटकीत लंडनमध्ये चौदा-पंधरा हजार माणसं गेली, चर्चच्या आवारांत पुरायला जागा उरली नाही. १८५२ साली कायदा करून लंडन नेक्रोपोलिस नावाची कंपनी निघाली आणि तिनं वोकिंगच्या माळावरची दोन हजारांवर एकर जमीन विकत घेतली. १८५४ च्या नोव्हेंबरात ब्रुकवुडची दफनभूमी सुरू झाली. वॉटर्लूहून रोज प्रेतांची खास गाडी सुटायची. तिच्यात पहिला, दुसरा, तिसरा वर्ग, जिवंतांनाही आणि मेलेल्यांनाही. जिवंतांना परतीचं तिकीट, शवपेटीला एकेरी. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, लंडनमधल्या त्यांच्या स्टेशनावर बॉम्ब पडले आणि ती गाडी कायमची थांबली. दफनासाठी घेतलेल्या जमिनीतली बरीचशी कंपनीला लागलीच नाही. ती तुकड्यांनी विकली गेली, आणि स्टेशनाभोवतीचं नवं वोकिंग त्या तुकड्यांवर उभं राहिलं. आपण ज्या रस्त्यांवर घरं घेतली त्यातले कितीतरी त्या जमिनीतले आहेत.

माळावर जागा होती म्हणून लंडनला नकोसं ते सगळं इथे आलं. नॅपहिलला आजारी कैद्यांचा तुरुंग, पुढे बायकांचाही. ब्रुकवुडला वेड्यांचं इस्पितळ. सेंट जॉन्सला दाहगृह. या शेवटच्या जागेबद्दल मला जरा थांबून लिहायचं आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, सहा महिन्यांसाठी नागपूरहून आले होते आणि फेब्रुवारीत इथेच गेले. सेंट जॉन्सच्या दाहगृहाची लाल विटांची इमारत लांबून एखाद्या चर्चसारखी दिसते, भोवती उंच झाडं. लंडनहून गुरुजी आले होते. तुळशीपत्र, गंगाजल, सगळं आम्ही वाट्यांमधून नेलं होतं. माझ्या मुलानं, तो तेव्हा सहा वर्षांचा, आजोबांच्या पायातले लोकरीचे मोजे काढू दिले नाहीत. "थंडी वाजेल," एवढंच म्हणत राहिला. तिथला कर्मचारी घड्याळाकडे न बघता दाराशी उभा राहिला. आमची वेळ संपून गेली होती हे मला नंतर कळलं. अस्थी आम्ही रामटेकला अंबाळ्यात नेल्या, पण अण्णांचा देह या वोकिंगच्या हवेत मिसळला, हे मी विसरू शकत नाही.

पुढे मी त्या जागेचा इतिहास वाचला. ब्रिटनमधलं ते पहिलं दाहगृह. १८७४ साली सर हेन्री थॉम्पसन या शल्यवैद्यांनी क्रिमेशन सोसायटी काढली, सेंट जॉन्सला एकरभर जागा घेतली आणि मार्च १८७९ मध्ये भट्टी चालते का हे पाहायला एका घोड्याचं दहन केलं. गावकरी खवळले. पाद्रीबुवांना पुढे करून ते थेट गृहमंत्र्यांकडे गेले, आणि माणसांचं दहन करायला बंदी आली. पाच वर्षांनी वेल्समधल्या डॉ. विल्यम प्राइस यांनी आपल्या तान्ह्या मुलाचं दहन केलं म्हणून खटला झाला, तेव्हा न्यायाधीशांनी सांगितलं की दहन हा गुन्हा नाही, इतरांना उपद्रव होऊ नये इतकंच. मग २६ मार्च १८८५ ला सेंट जॉन्समध्ये पहिलं दहन झालं, मिसेस पिकर्सगिल नावाच्या बाईंचं. त्या अख्ख्या वर्षात तिघांचंच. आज इंग्लंडात आपल्या माणसांना आपण अग्नी देऊ शकतो, ती वाट या गावातून निघाली. ज्यांनी तेव्हा विरोध केला त्यांनाही मी नावं ठेवणार नाही. नवं काही दाराशी आलं की माणूस घाबरतो, आपणही घाबरतो. पण त्याच गावानं पुढे ती जागा आपली म्हणून सांभाळली.

तीच गोष्ट मशिदीची. ओरिएंटल रोडवरून गाडीत जाताना हिरवा घुमट तुम्ही पाहिला असेल. १८८९ सालची शाहजहान मशीद, मशीद म्हणूनच बांधलेली ब्रिटनमधली पहिली. ती बांधली लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे पहिले प्राचार्य डॉ. लाइटनर यांनी, पैसा दिला भोपाळच्या शाहजहान बेगमांनी. पहिल्या महायुद्धात ब्राइटनच्या इस्पितळांत मेलेल्या हिंदुस्थानी मुसलमान सैनिकांना पुरायला हॉर्सेल कॉमनवर चार भिंतींचं, छत्रीच्या कमानीचं दफनस्थान बांधलं. मुसलमान शिपायांना त्यांच्या धर्माप्रमाणे पुरत नाहीत असा प्रचार जर्मन करत होते, त्याला ते उत्तर होतं. नंतर तिथे नासधूस झाली आणि १९६८ मध्ये त्या सैनिकांना ब्रुकवुडला हलवलं. ती जागा पडून होती. २०१५ मध्ये ती नीट करून शांतिबाग म्हणून उघडली. सत्तावीस सैनिक होते, म्हणून हिमालयातल्या भूर्जाची सत्तावीस झाडं लावली. पावसाळी दुपारी एकटीनं जा कधीतरी, पांढऱ्या खोडांवरून पाणी ओघळताना दिसतं.

आणि आता ब्रुकवुड. तिथे अमेरिकन सैनिकांची वेगळी दफनभूमी आहे, कॉमनवेल्थच्या सैनिकांची ब्रिटनमधली सर्वांत मोठी आहे, अजस्र सिकोया वृक्षांच्या रांगा आहेत, दोन लाखांवर माणसं विसावली आहेत. पण माझ्यासाठी ब्रुकवुड म्हणजे पारशांचा भाग. दादाभाई नौरोजी ज्यांत होते त्या लंडनच्या पारशी मंडळींनी १८६१ मध्ये आपली संस्था काढली आणि त्याच दशकात ब्रुकवुडमध्ये जागा मिळवली. इथे दखमा, म्हणजे पारशी लोक प्रेत उघड्यावर ठेवतात तो मनोरा, नाही म्हणून दफन. जमशेटजी टाटा १९ मे १९०४ ला जर्मनीत बाड नाउहाइमला गेले, त्यांना इथे आणलं. मुलगे सर रतन आणि सर दोराब, दोघेही इथेच. मुंबईत जन्मलेले, बॅटरसीहून पार्लमेंटात गेलेले शापुरजी सकलातवाला यांची राखही इथेच.

माझे आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये स्पिनिंग खात्यात होते. जमशेटजींनी ती गिरणी १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. १८८६ साली, म्हणजे कुठल्याही सरकारनं सांगायच्या कितीतरी आधी, तिथल्या कामगारांसाठी पेन्शन फंड काढला. आमच्या घरात भोंग्यावर चहा व्हायचा आणि भोंग्यावर दिवे लागायचे, असं अण्णा सांगत. ते आले त्या ऑक्टोबरात मी त्यांना ब्रुकवुडला घेऊन गेले. काय दाखवणार ते मुद्दाम सांगितलं नव्हतं. दगडावरचं नाव त्यांनी चष्मा सरसावून वाचलं. मग खाली बसले आणि बूट काढायला लागले. गवत ओलं होतं, मी म्हटलं अण्णा, सर्दी होईल. ते म्हणाले, "तुझ्या आजोबांनी तीस वर्षं यांचं मीठ खाल्लं. बूट घालून कसा जाऊ?" मोज्यांवर उभे राहिले, हात जोडले. पाच मिनिटं तरी कुणीच काही बोललं नाही.

त्या जागेचं पुढे काय होणार, यासाठी हे सगळं लिहितेय.

२०१४ च्या डिसेंबरात ब्रुकवुडची दफनभूमी वोकिंग कौन्सिलनं विकत घेतली. त्याआधी ती खासगी मालकांच्या हातांत होती आणि मोठा भाग रानात बुडाला होता. कौन्सिलनं झाडी काढली, वाटा मोकळ्या केल्या. हे काम मला मनापासून आवडलं आणि ते मी उघड सांगते, कारण याच कौन्सिलनं जे दुसरं केलं त्याबद्दल आता कडक बोलायचं आहे.

स्टेशनाजवळचे ते दोन टोलेजंग मनोरे आणि हॉटेल, व्हिक्टोरिया स्क्वेअर, त्याखालच्या दुकानांत आपण सगळे जातो. कौन्सिलनं केंद्र सरकारच्या कर्जखात्यातून स्वस्तात पैसे उचलले आणि आपल्याच कंपन्यांना पुढे दिले. त्या कंपन्यांनी इमारती बांधल्या. भाडं येईल, त्यातून व्याज फिटेल, हा हिशेब. भाडं तेवढं आलं नाही. ७ जून २०२३ ला कौन्सिलनं कलम ११४ ची नोटीस काढली, म्हणजे आपल्याकडे दिवाळं म्हणतात ते. वर्षाला खर्चायला हाताशी १ कोटी ६० लाख पौंड आणि तूट १२० कोटींची. कर्ज तेव्हा १८० कोटी पौंड होतं. माणशी भागाकार करा, तान्ह्या पोरासकट प्रत्येकाच्या डोक्यावर १७ हजार पौंडांहून जास्त. सरकारनं आपले आयुक्त बसवले. सार्वजनिक संडास बंद झाले, संस्थांची अनुदानं आटली, २०२४ मध्ये बरोच्या वाट्याचा कर जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढला. आता कौन्सिली एकत्र करताना सरकार त्यातले ५० कोटी फेडायला तत्त्वतः तयार झालंय. उरलेलं पश्चिम सरेच्या पदरात पडणार. गिल्डफर्ड आणि वेव्हर्लीची माणसं त्यावरून रागावली आहेत, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही रागावले असते.

हा पैसा बुडाला तेव्हा मतदान करणारे फार थोडे होते आणि त्यांत आपण तर नव्हतोच. मी स्वतः इथे चौदा वर्षं आहे आणि पहिली सहा वर्षं मी मत दिलं नाही. कौन्सिलीच्या मिटिंगा सर्वांना खुल्या असतात, मी एकदाही गेले नाही. मनोरे उभे राहिले तेव्हा त्यांचे फोटो मी नागपूरला पाठवले होते.

कर्जात बुडालेल्या घराला भांडी विकावी लागतात. नवी कौन्सिल काय विकणार आणि काय ठेवणार याची यादी करायला बसेल, तेव्हा त्या टेबलाशी फार्नम आणि स्टेन्सची माणसं असतील. त्यांनी ब्रुकवुड कधी पाहिलेलं नसेल, आणि तो त्यांचा दोष नाही. दफनभूमी पैसा देत नाही, गवत कापायला खर्च मात्र दरवर्षी येतो. इंग्लंडच्या वारसा यादीत ती पहिल्या श्रेणीची आहे, त्यामुळे तिथे कुणी घरं बांधेल अशी भीती मला नाही. भीती आहे ती परत रान माजण्याची, कुलूप लागण्याची, आणि "पैसे आले की बघू" या उत्तराची. ते उत्तर आपण गावाकडे पुष्कळ ऐकलंय.

म्हणून माझं मागणं साधं आहे. घरातल्या प्रत्येकाचं नाव या आठवड्यात मतदारयादीत घाला. क्रेडिट स्कोअरलाही त्याचा फायदा होतो, एवढ्या कारणानं घातलं तरी मला चालेल. उमेदवार दारावर येतील, कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांना आत बोलवा, चहा द्या आणि दोन गोष्टी विचारा: ब्रुकवुडची दफनभूमी पश्चिम सरे स्वतःकडे ठेवणार का, आणि तिच्या देखभालीचा पैसा वेगळा राखणार का. उत्तर लिहून घ्या, तारीख घाला. मी आतापर्यंत दोघांना विचारलं. एकानं प्रामाणिकपणे सांगितलं की मला माहिती नाही, विचारून कळवतो, आणि तिसऱ्या दिवशी खरंच फोन केला. दुसऱ्यानं विषय खड्ड्यांवर नेला. मत कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी पक्ष सांगणार नाही.

मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी ११ वाजता मी ब्रुकवुड स्टेशनच्या दक्षिणेकडच्या दारापाशी उभी असेन. ते दार थेट दफनभूमीतच उघडतं. वोकिंगहून गाडीनं पुढचंच स्टेशन. पारशांच्या भागापर्यंत चालत जाऊ, सैनिकांच्या कबरी पाहू, मुलांना सिकोयांच्या खोडाला कवेत घ्यायला लावू, तीनचार मुलं तरी लागतात एका खोडाला. डबे आणा. ज्यांची यादीतली नावं राहिली असतील त्यांची तिथेच फोनवर घालू, नॅशनल इन्शुरन्स नंबर विसरू नका. आणि वाट ओली असते, जुने बूट घाला.

तुमची,
सेंट जॉन्समधली एक शेजारीण
फेब्रुवारी २०२६